त्रेचाळिसावं पान

"सर, तुम्ही पुस्तकात खूण कितव्या पानावर करता?"

गिरधर सर भरताच्या वांग्यांना सुरीने टोचे मारत बसले होते. त्यांनी मान वर केली. विचारणारा माणूस तोताराम आहे हे पाहून ते जरा चकितच झाले. तोतारामने जन्मात पुस्तक वाचलं नव्हतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"सातव्या," सर आवाज खाली आणून म्हणाले. "पेन्सिलीने बारीक 'ग' काढतो. वाचनालयातल्या प्रेमराजला सांगू नका, तो अंगावर येतो. पण तुम्हाला कशाला हो?"

"असंच," तोताराम म्हणाला आणि शेकोटीकडे सरकला.

त्याच्या डोक्यात होता नव्हता तो धागाही तुटला. सर सातव्या पानाचे आणि 'ग'चे, म्हणजे बायकोच्या पुस्तकांतली ती चंद्रकोर सरांची नव्हे. ज्या माणसावर त्याने दहा दिवस मनातल्या मनात दात खाल्ले, तो एका वाक्यात निर्दोष सुटला. हायसं वाटायला हवं होतं, तर उलट वाईट वाटलं. सर म्हणजे निदान ओळखीचा चेहरा तरी होता. आता तर कुणाचं नाव घ्यावं तेही कळेना.

कार्तिक सरत आला होता. बोरी नदीच्या काठच्या त्या शेतात सकाळचे नऊ वाजले तरी हवेत कडाका होता. अमळनेरच्या त्या छोट्या वाचनालयाची भरीत पार्टी दरवर्षी याच दिवसांत, रविवारी, कुणातरी वाचकाच्या शेतात होते. गेल्या वर्षीच्या कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवट पांढरी वांगी, कुणी पातीचा कांदा आणायचा, कुणी शेंगदाणे, कुणी कळण्याच्या भाकरी. रोहिणी, म्हणजे तोतारामची बायको, एकही पार्टी चुकवायची नाही. "चला ना तुम्ही पन," असं दरवर्षी म्हणायची, आणि दरवर्षी तो म्हणायचा, "रविवार तरी झोपू दे."

यंदा तो आला आणि ती नव्हती. श्रावणात गेली. चार दिवसांचा ताप, धुळ्याचा दवाखाना आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. पार्टीचा निरोप तिच्याच मोबाइलवर आला. तो मोबाइल तोताराम अजून रोज चार्ज करतो. का, ते त्याला कुणी विचारू नये आणि त्याने सांगू नये.

तोताराम तीस वर्षं जळगावच्या एका डाळमिलमध्ये होता. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, मध्ये डाळ भरडणाऱ्या मशीनचा घरघराट. मशीन त्याच्या उजव्या हाताला असे. त्या घरघराटाने त्याचा उजवा कान कधी खाल्ला, त्यालाही नेमकं सांगता यायचं नाही. कळलं तेव्हा तो गप्प बसला. बहिरा माणूस मशीनवर ठेवत नाहीत, गोदामात पोती उचलायला धाडतात. म्हणून मिलमध्ये बोलला नाही, आणि मिलमध्ये बोलला नाही म्हणून घरीही बोलला नाही. एक कान चांगला असला की माणसाचं सहज निभतं. बोलणाऱ्याला डाव्या बाजूला घ्यायचं, आणि उजवीकडून कुणी बोललंच तर हसून मान हलवायची. जगात निम्म्या बोलण्याला मान हलवली की भागतं, हे त्याला बहिरं झाल्यावर कळलं.

आणि चांगला कान तो गाण्यांना देत असे. दिवसभराच्या घरघराटावर तेवढाच उतारा. आधी वॉकमनवर कॅसेटी, पुढे मोबाइलच्या दुकानातून कार्डात साडेचारशे गाणी भरून आणलेली, निम्मी अहिराणी लग्नातली, निम्मी जुन्या सिनेमांतली. जेवणं झाली की तो ओसरीवरच्या खाटेवर डावा खांदा भिंतीला टेकवून बसे. भिंतीकडच्या डाव्या कानात वायर, डोळे अर्धे मिटलेले, ठेक्यावर मान डोलतेय. उजवीकडे रोहिणी पुस्तक घेऊन बसे. तिची वाचायची तऱ्हा त्याला गमतीची वाटायची, कारण वाचताना तिचे ओठ हलत. शाळेतल्या मुलीसारखी मनातल्या मनात घोकते, असं त्याला वाटे. मधूनच ती थांबून त्याच्याकडे बघे, तो मान हलवी, ती पान उलटी. पंचवीस वर्षं असा संसार झाला. सुखाचा होता, यात त्याला कधी शंका आली नव्हती.

शंका दहा दिवसांपूर्वी आली. घरात तिने आणलेलं शेवटचं पुस्तक पडून होतं. त्यात एकशेबारा पानाला एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं. ते परत करावं म्हणून तो वाचनालयात गेला, तर ग्रंथपाल प्रेमराज डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भाऊ, रोहिणीअक्कांनी आमची निम्मी कपाटं वाचली असतील. फक्त एक खोड होती. वाचून झालं की त्रेचाळिसाव्या पानावर टिकली काढायच्या. नाहीतर तेच पुस्तक पुन्हा घरी जातं म्हणे. सगळेच जुने वाचक करतात ते. मी बोलून दमलो."

त्याने कपाटातलं एक पुस्तक काढून त्रेचाळिसावं पान दाखवलं. कोपऱ्यात पेन्सिलीचा एक गोल होता. रोहिणीच्या कपाळावरच्या टिकलीएवढा. तोतारामने त्यावर बोट ठेवलं. आणि बोटाशेजारी त्याला दुसरी खूण दिसली. छोटीशी, आडवी, एका बाजूने सरळ आणि एका बाजूने फुगीर.

"ही कुणाची?"

"ते काही कळलं नाही बुवा," प्रेमराज म्हणाला. "पण अक्कांच्या खुणेशेजारी नेहमी असते."

तोतारामने आणखी एक पुस्तक काढायला लावलं. मग आणखी एक. वीस पुस्तकं पाहिली. वीसच्या वीस पुस्तकांत टिकली, आणि टिकलीला चिकटून ती चंद्रकोर.

त्याला पुस्तकातलं काही कळत नसलं तरी रोहिणी ही चंद्राची लाडकी, एवढं पुराण त्यालाही ठाऊक होतं. कोण होता हा चंद्र? ती वाचेल तेच वाचणारा, तिच्या पानावर जाऊन तिच्याच शेजारी खूण करणारा? दहाव्याला नदीवर गिरधर सरांचे डोळे आपल्यापेक्षा जास्त ओले होते, हे त्याला तेव्हा आठवलं. मग नको नको ते आठवत गेलं. वाचनालयातून यायला उशीर व्हायचा. एखाद्या दिवशी आपल्याशीच हसायची. चांगल्या बाईवर संशय घेतोय म्हणून स्वतःची लाजही वाटे, आणि लाज वाटली तरी संशय काही जाईना. सकाळी वाटे, सोड, मेलेल्या माणसाचं काय काढायचं. संध्याकाळी रिकाम्या खाटेकडे बघून वाटे, आपण तिला ओळखतच नव्हतो. हे एक कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागणार नव्हतं. म्हणून तो पार्टीला आला होता, पिशवीत ते पुस्तक घेऊन.

"तोताराम भाऊ, आठे बठा ना. धूर तिकडे जाई राहिना."

सुनंदाबाईंनी हाक मारली. सत्तरी ओलांडलेली बाई, रोहिणीची वाचनालयातली जोडीदारीण. भाजलेली वांगी सोलून त्यांनी पुढ्यातल्या परातीत ढीग घातला होता. पलीकडे दोघं जण लाकडी बडगीत मिरच्या आणि वांगी मुसळाने ठेचत होते, त्याचा धपधप आवाज चालला होता. तोताराम त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि एकदम मनाचा हिय्या करून त्याने पिशवीतून आणलेल्या कागदावर ती खूण काढून दाखवली.

"अक्का, रोहिणीना पुस्तकसमा हाई चांदसारखी निशानी ऱ्हास. कोनी शे, तुमले ठाऊक शे का?"

सुनंदाबाईंनी कागद जवळ धरला, हसल्या, आणि बोलायला लागल्या. हात नाचवत, मध्येच कपाळाला हात लावत. तोतारामला त्यांचे ओठ हलताना दिसले. सवयीने त्याची मान हलली. मग त्याच्या लक्षात आलं की गडबडीत आपण त्यांच्या चुकीच्या बाजूला बसलोय. त्या उजवीकडे होत्या. कानात नुसती मुसळाची धपधप येत होती, तीही डावीकडून.

नेहमीसारखं हसून सोडून देता आलं असतं. पण ही गोष्ट मान हलवून भागण्यातली नव्हती.

"अक्का," तो म्हणाला, "जरा ह्या बाजूले या. मना तो कान गयेल शे."

हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. बोलल्यावर वाटलं, एवढंच तर होतं.

सुनंदाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि डाव्या बाजूला येऊन बसल्या. "आते ऐका मंग. कोनी शे म्हनीसन काय इचारतस? तुम्हनीच शे ती."

"मनी?"

"हाऊ काय चांद शे का भाऊ? डाय शे ती. तूरनी डाय. तीस वरीस डायमिलमा काढात आनि डाय वयखता ई नही तुमले?"

तोतारामने कागदाकडे पाहिलं. एका बाजूने सरळ, एका बाजूने फुगीर. तीस वर्षांत असे किती कोटी दाणे त्याच्या हाताखालून गेले असतील. कागदावर डाळीचा दाणा होता.

"रोहिणी रोज तुमले वाची दाखाडे ना," सुनंदाबाई वांगं सोलत सांगत होत्या. "पुस्तक सरनं का पहिले आपली टिकली करे, मंग बाजूले तुम्हनी डाय. म्हने, यासनी बी ऐकं, मंग यासनी निशानी नको का? आमनाकडे तर मानूस पेपर बी उघडी देखे नही. बठ्ठ्या बायासमा ती एकलीच मोठा तोराखाल सांगे, मना मानूस दिनभर मशीनजोडे राबस, तरी घर ईसन मनं ऐकस. मुंडी हालाडी हालाडी ऐकस."

तोतारामने कागद गुडघ्यावर सपाट केला.

"एक डाव त सांगे," त्या पुढे म्हणाल्या, "कोन्या तरी पुस्तकमा त्या पोरीनी माय मरस. तठे तुम्हनी मुंडी हालनी बंद व्हयनी. तोंड इतलंसं व्हई गयं. ती म्हने, यासले इतलं लागनं का मी पुढलं पान दुसरा दिन वाचं."

ती संध्याकाळ तोतारामला आठवली नाही. आठवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. मोबाइलची बॅटरी संपली असेल आणि गाणं मध्येच तुटलं असेल, म्हणून तोंड पडलं असेल. आणि ती शेजारी पुस्तक मिटून बसली असेल, नवऱ्याला वाईट वाटलं म्हणून हळूच.

पंचवीस वर्षं. रोज एकदोन प्रकरणं. तो एवढा श्रीमंत माणूस होता, आणि त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात गेलं नव्हतं. चंद्राचा राग केला त्याने, आणि चंद्र तोच होता, फुकटचा. ती खूण सरांची निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला त्या क्षणी खरोखर वाटलं.

सुनंदाबाईंचा हात एकदम थांबला. सोललेलं वांगं हातात तसंच राहिलं.

"भाऊ," त्यांनी हळू विचारलं, "कोनता कान गयेल शे म्हनात तुमी?"

"उजवा."

"कव्हयपासून?"

"व्हई गयात बरीच वरीस."

"आनि ती... कोनी बाजूले बसे?"

बडगीतलं ठेचणं तेवढ्यात थांबलं होतं. कुणीतरी शेंगदाणे घाला म्हणून ओरडत होतं. तोतारामने कागदाची घडी केली, अजून एक घडी केली. खरं बोलायचं तर एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द बोलला, की रोहिणीने पंचवीस वर्षं चारचौघींत मिरवलेलं सगळं या शेतात, या राखेत पडणार होतं. ती आता उत्तर द्यायला नव्हती.

"डावीकडे," तो म्हणाला. "डावीकडेच बसे. बठ्ठं ऐकू ये."

सुनंदाबाईंनी हातातलं वांगं परातीत ठेवलं. त्या रोहिणीच्या घरी शंभरदा येऊन गेल्या होत्या. भिंतीला लावलेली खाट त्यांनी पाहिली होती; त्याच्या डावीकडे नुसती भिंत होती. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि धुराला दोन शिव्या दिल्या.

"मंग त्या शेवटला पुस्तकमा काय व्हयनं, सांगा बरं," त्या म्हणाल्या. विचारण्यात खोच नव्हती. बोलायला काहीतरी हवं होतं.

"अजून सरनं नही ते," तोताराम म्हणाला. हे मात्र खरं होतं.

जेवणं आटोपली. भरीत झक्क झालं होतं, सगळे म्हणत होते. तोतारामने भाकरी खाल्ली, चव कळली नाही. ऊन चढलं तरी नदीवरून येणारा वारा बोचत होता. लोक गप्पांना बसले तेव्हा प्रेमराज हात पुसत त्याच्यापाशी आला.

"भाऊ, पुस्तक आणलंय वाटतं? द्या, मी जमा करून घेतो. तुम्हाला परत खेप नको."

"आणलंय," तोताराम म्हणाला. "पण आज नाही देत. अजून वाचायचंय."

"तुम्हाला?"

"आम्हाला."

प्रेमराजने पुढे केलेला हात मागे घेतला. "ठेवा," तो म्हणाला. "कितीही दिवस ठेवा."

तोताराम बांधावरच्या निंबाखाली जाऊन बसला. खिशातली वायर हाताला लागली, ती त्याने गुंडाळून पुन्हा खिशात खोल सारली. पुस्तक मांडीवर घेतलं. एकशेबारा पानावरचं तिकीट त्याने हलवलं नाही, तिथवर पोचायला त्याला बरेच दिवस लागणार होते. त्याने पहिलं पान काढलं, ओळीखाली बोट धरलं आणि उजवीकडे थोडी जागा सोडून नीट सावरून बसला.

लांबून सुनंदाबाईंना काही ऐकू आलं नाही. त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते.