माइन्झची मनी

विश्वनाथरावांनी धुतलेले कप पुन्हा नळाखाली धरले. हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरातल्या त्या हॉलच्या स्वयंपाकघराला चहा द्यायची खिडकी होती, आणि तिची झडप बोटभर उघडी ठेवली की बाहेरचं सगळं ऐकू यायचं. ऐकत उभं राहायचं तर हाताला काहीतरी काम हवं. सोळा कप तिसऱ्यांदा विसळून होत आले होते.

बाहेर मधुवंती शिकवत होती. ही फार्मासिस्ट. तिशीची पोर, इतिहासाशी हिचा संबंध काय? गोळ्या द्याव्यात, दिवसातून दोनदा जेवणानंतर म्हणून सांगावं, घरी जावं. पण नाही! रविवारच्या मराठी शाळेत या वर्षी हिच्या तासाला एकवीस मुलं बसत होती. विश्वनाथरावांच्या तासाला गेल्या वर्षी सहा होती, आणि त्यातला एक त्यांचाच नातू शार्दूल, तोही सुखदानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, दटावून पाठवलेला.

कऱ्हाडकडच्या एका कॉलेजात त्यांनी एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला होता. इथे परदेशात, हॅमिल्टनला, त्याचं कुणाला काय? इथे ते सगळ्यांचे काका. काका, चहा टाकता का. काका, जरा खुर्च्या लावू या. कुठल्या कॉलेजात होतात, हे चार वर्षांत एका माणसानं विचारलं नव्हतं. दिवाळीच्या कार्यक्रमातलं वीस मिनिटांचं भाषण तेवढं त्यांचं होतं. त्यासाठी ते जुलैपासून टिपणं काढत. आज सकाळी दाराशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, काढता काढता मंडळाचे मोरेश्वर म्हणाले होते की काका, यंदा तुम्ही रिलॅक्स करा, मधुवंती बोलेल, मुलांना तिचं हीप्स आवडतं, अगदी खूप.

रिलॅक्स करा म्हणे. तेव्हापासून त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. हेवा वाटतोय हे त्यांना कळत होतं, बासष्टाव्या वर्षी शोभत नाही हेही कळत होतं, पण कळून जळफळाट थांबत नव्हता.

त्यात आजचा विषय त्यांचा होता. मध्ययुग संपून आधुनिक युग कसं आलं. एस.वाय.चा पहिला पेपर! पोरीनं एक चूक करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. एखादं साल चुकावं, मग बाहेर जाऊन, मोरेश्वरांच्या देखत, हळू आवाजात दुरुस्त करायचं. कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्याचं साल मधुवंतीनं बरोबर सांगितलं. त्याचाही त्यांना राग आला.

मग ती म्हणाली की छापखाना यायच्या आधी पुस्तकं हातानं उतरवून घेत. जर्मनीत माइन्झ गावात एक म्हातारा होता, एकतीस वर्षं तेच काम करणारा. एक दिवस गावात छापलेलं पुस्तक आलं. म्हाताऱ्यानं त्यातलं एक पान मागून घेतलं, उजेडात धरलं आणि दिवसभर त्यात चूक शोधत बसला. संध्याकाळी एक सापडली. धावत घरी गेला, बायकोला म्हणाला, बघ. बायको म्हणाली, अहो, ही चूक ते उद्या सुधारतील, पण तुमची एक चूक झाली तर तुम्हाला पुन्हा पहिल्या पानापासून लिहावं लागेल. म्हाताऱ्यानं दौत धुतली आणि फळीवर उपडी घातली.

विश्वनाथरावांनी नळ बंद केला.

तो म्हातारा माइन्झचा नव्हता. तो त्यांचा होता. १९८५ साली जेवणानंतरच्या तासाला निम्मा वर्ग पेंगायला लागला, तेव्हा त्यांनी उभ्या उभ्या तो रचला होता. वर्ग खडबडून जागा झाला, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा सांगितला. तिसऱ्या वर्षी नोट्समध्ये उतरवून दिला. मुलं तो परीक्षेत लिहू लागली आणि ते त्याला मार्कही देऊ लागले. नोट्स एका बॅचकडून दुसरीकडे जायच्या, कुणीतरी झेरॉक्स काढायचं, त्यावर ना मास्तराचं नाव, ना मुलाचं.

बाहेर मधुवंती सांगत होती, "आणि त्या उपड्या दौतीशेजारी त्याचं मांजर येऊन बसलं. मांजराचं नाव होतं मनी."

मुलं खदखदा हसली. त्यांच्या वर्गात इतकं कुणी कधी हसलं नव्हतं. माझीच गोष्ट, आणि माझ्याहून चांगली सांगते, या विचारानं त्यांचे कान तापले. चोर कुठली!

"इज धिस लाइक, ट्रू?" शार्दूलनं विचारलं. मधुवंती म्हणाली की मलाही ते शोधायचंय, आता खाऊ खा. मुलं बाहेर पळाली. विश्वनाथराव ओला कप हातात घेऊनच हॉलमध्ये आले.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

तिला ते एरवी अगं-तुगं करत. मोरेश्वर खुर्च्या रचायचे थांबले.

मधुवंतीला राग आला नाही. उलट तिला बरंच वाटलं, बहुतेक. पिशवीतून तिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोनशे पानी वही काढली. आईची, म्हणाली. आई, शकु, एस.वाय.ला असताना लग्न झालं, कॉलेज सुटलं, नाशिकला आली. भांडीकुंडी बदलली, घरं बदलली, ही वही मात्र ठेवली. जेवताना मी हट्ट केला की ही गोष्ट सांगायची. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा इथून पोचता आलं नाही. भावाला म्हटलं, मला काही नको, ती वही पाठव.

विश्वनाथरावांनी कप टेबलावर ठेवला आणि हात शर्टाला पुसले. गोल, सावध अक्षर होतं. प्रत्येक परिच्छेद ‘सर म्हणाले’ असा सुरू होत होता. सरांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी शकु आठवून पाहिली. काही आठवेना. वर्गात पंचेचाळीस जण असत.

"काका, तुम्ही इतिहासाचे ना? हे कुठल्या पुस्तकात आहे? मी लायब्ररीतून किती पुस्तकं आणली. दिवाळीला हीच गोष्ट सांगणार आहे, तर आधार द्यायला हवा."

मोरेश्वर ऐकत होते. एक वाक्य पुरलं असतं. ही गोष्ट माझी आहे, असं म्हटलं की चार वर्षांची भरपाई झाली असती. पण त्याच वाक्यात, मी एकोणतीस वर्षं मुलांना खोटं शिकवलं, हेही आलं असतं. आणि खोटी आहे एवढंच म्हणून हिचं भाषण पाडायचं, तर ही वहीसुद्धा खोटी ठरत होती.

"पुस्तकात नाही मिळणार," ते म्हणाले. "कुणीतरी रचलेली आहे. वर्ग झोपू नये म्हणून."

मधुवंती हसली.

"आईसुद्धा हेच म्हणायची. सर थापा मारतायत हे सगळ्या मुलींना माहीत होतं. माइन्झमध्ये मनी कुठून येणार? पण तो तास कुणी बुडवायचं नाही."

विश्वनाथरावांनी वही मिटून तिच्या हातात दिली. सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी सगळ्यांनी लिहून घेतलं होतं. त्या वहीतल्या सरांचा त्यांना असा काही हेवा वाटला की मघाचा मधुवंतीचा हेवा त्यापुढे काहीच नव्हता.

"मग रचलेली आहे असंच सांगते," मधुवंती म्हणाली. "आईच्या सरांनी रचलेली. नाव माहीत असतं तर बरं झालं असतं."

"नावाचं काय एवढं. तू सांग बिनधास्त. चांगली सांगतेस." त्यांनी कप उचलला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून, मागे न वळता, म्हणाले, "मनी डाव्या डोळ्यानं आंधळी होती. तेवढं घाल त्यात."

त्यांनी नळ सोडला. बाहेर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, एकदा, मग घाईघाईनं पुन्हा एकदा. डोळ्याचं त्या वहीत काही नव्हतं. ते शकुच्या वर्षी सांगायचं राहून गेलं असणार.

मधुवंती खिडकीशी आली. झडप तिनं पूर्ण वर केली.

"सर," ती म्हणाली.