उंबऱ्यावरचं दही

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "इन्सुलिन सुरू करायच्या आधी रक्तातली साखर बघायची हाय. सकाळी उपाशीपोटी या." शेवंता, माझी बायको, मधुमेहानं पार वाळून गेलती. मी घरात ओरडून सगळ्यांस्नी सांगितलं, "हिला कुणी काय देऊ नका."

सकाळी हुपरीहून कोल्हापूरची एस.टी. थांबवायला मी पुढं पळालो. मागं आईनं उंबऱ्यावर शेवंताच्या हातावर दही-साखर ठेवली. महत्त्वाच्या कामाला निघालेलं माणूस आमच्या घरातनं तसंच जात न्हाय. सासूचं मन मोडायचं कसं, म्हणून तिनं ती खाल्ली.

दवाखान्यात तिनं खरं सांगितलं. "आता तपासून उपयोग न्हाय," डॉक्टर म्हणाले. "उद्या या."

घरी आल्यावर मी आईवर असा खेकसलो की गल्ली गोळा झाली. "साखरेच्या रोग्याला साखर चारतीस व्हय?" शेवंताच मला गप करत होती.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच न्हाय.

तिरडी उचलताना आई दही-साखरेची वाटी घेऊन आली आणि मला बघून उंबऱ्यातच थबकली.

"घाल की," मी म्हणालो. "आता कोण तपासतंय?"