रेंज येईपर्यंत

सव्वीस वर्षं सौदीतल्या दमाममध्ये डावीकडे बसून गाडी चालवलेला रऊफ परत आल्यापासून पहिल्यांदाच गाडी काढताना सकाळी सवयीने डाव्या दाराने आत शिरला आणि स्टिअरिंग कुठे गेलं म्हणून बघत राहिला. त्याची बायको शमसुन्निसा डबा घेऊन बाहेर उभी.

"मी चालवू काय?" तिने विचारलं. तो उतरून पलीकडे गेला.

महाड सुटेपर्यंत तो वळताना सिग्नल द्यायला गेला की वायपरच सुरू व्हायचे. कडकडीत ऊन, आणि काच पुसली जातेय. पोलादपुरात तर तो रस्त्याच्या चुकीच्या बाजूलाच घुसला. समोरच्या टेम्पोवाल्याने त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. एरवी शमसुन्निसा हसून बेजार झाली असती. पण आज तिला हसू येत नव्हतं.

रऊफ चार महिन्यांपूर्वी कायमचा म्हणून परत आला होता. काल जुन्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला, आणखी दोन वर्षं ये म्हणून. आज संध्याकाळपर्यंत जवाब द्यायचा होता. "जायच्या आधी तुला महाबळेश्वर दाखवतो," रऊफ म्हणाला होता. दर सुट्टीत हे ठरायचं आणि कुणाच्या ना कुणाच्या लग्नात सुट्टी संपायची. ती मात्र नेहमीसारखंच बोलून गेली, "जा तुमी, इथलं मी बघते." सासूचं आजारपण तिने बघितलं, लेकीचं, अम्बरीनचं बाळंतपण बघितलं, पुराचं पाणी घरात शिरलं तेही एकटीनेच बघितलं. बोलून गेली खरी, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

आंबेनळी घाटात निम्म्या वाटेवर टायर बसला. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. मोबाईलला रेंज नाही. रऊफ कपाळाला हात लावून बसला. शमसुन्निसाला मात्र, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. इथे दमामचा फोन लागणार नव्हता.

खाली जाणाऱ्या गणू जीपवाल्याने पंक्चर काढायला चाक घेतलं. "दोन-अडीच तासांत आणतो, चाचा," म्हणाला. मग दोघं कठड्यावर बसली आणि तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट, त्याला आवडतं तसं झणझणीत. त्याने दोन घास खाल्ले आणि हात आखडला.

"काय झालं?"

"तिखट सोसत नाय गो आता. सात-आठ वर्षं झाली, पोटात आग होते."

"मग बोलला का नाय?"

"सुट्टीवर येऊन तुझ्या जेवणाला नावं ठेवू?"

त्याने थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला. सकाळी हौसेने त्याने स्वतःच केला होता. तिने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "मला साखर चालत नाय. डायबेटीस हाय, पाच वर्षं झाली."

"मला कोण बोललं नाय."

"तिथं बसून तुमी काय करणार होतात?"

तीन पोरांचे आईबाप झालेली ही माणसं एकमेकांना सुट्टीपुरतीच ओळखत होती. शमसुन्निसाला त्याची दया आली, स्वतःचीही आली. आणखी दोन वर्षं गेली तर उरेल काय, या विचाराने तिला भीती वाटली. त्याने भाकरीला लागलेलं सुकट झटकलं आणि कोरडी भाकरी खाऊ लागला.

गणूने चाक आणलं ते उशिराच, तोवर ऊन उतरलं होतं. महाबळेश्वर राहिलं. गाडी मागे वळली आणि पोलादपूरच्या नाक्यावर पोचते न पोचते तोच फोन वाजला. दमाम.

रऊफने गाडी कडेला घेतली. "काय सांगू गो त्याला?"

"जा तुमी" एवढं तिच्या ओठांवर आलंही होतं. तिने ते गिळलं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "मला एकटीनं नाय बघायचं आता. माझ्याजवळ र्‍हावा."

फोन वाजतच होता. "मग इतकी वर्षं का नाय बोललीस?"

"तुमी दर वेळी तिकीट काढून सांगायचात. विचारलंत आजच."

रऊफने फोन कानाला लावला. "साहब, मैं नहीं आ रहा," तो म्हणाला. "नहीं, तबियत ठीक है. बीवी ने रोक लिया."

सव्वीस वर्षांत विमानतळावर एकदाही न रडलेली शमसुन्निसा पोलादपूरच्या भर नाक्यावर तोंडाला ओढणी लावून रडली.