डाव्या चाकाचं तेल

आमच्या ओट्यावरून गाडीचं पुढचं डावं चाक नेमकं समोर दिसतं. माझ्या लेकीला, मयुरीला, वरण-भात भरवायचा म्हणजे एका जागी बराच वेळ बसावं लागतं. एक घास तिच्या तोंडात, दुसरा माझ्या साडीवर, तिसरा कोंबड्यांना. तेवढ्यात नजरेनं दुसरं काय करायचं? तेव्हा चाकाखालचा ओला डाग घरात सगळ्यात आधी मला दिसला, यात माझी काही हुशारी नाही.

"आबा, गाडीतून काहीतरी गळतंय," मी म्हटलं.

माझे सासरे, पितांबर आबा, खाटेवर पेपर वाचत होते. मान वर न करता अहिराणीत म्हणाले, "कुत्रं मुती गयं व्हई."

मी धुळ्याला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय. पण हे ओळखायला डिग्री लागत नाही, आणि आबांना पटवायला डिग्री पुरत नाही. त्यांना पुरावा लागतो. म्हणून दिवेलागणीला मी चाकाखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर तेलकट, चकचकीत वर्तुळ उमटलं होतं. तो पुठ्ठा मी आबांच्या चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवला.

आबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "शहाणं कुत्रं शे," म्हणाले. "पुठ्ठा देखीसन बठ्ठं त्यावरच सोडं."

गाडी म्हणजे आमची पिकअप. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. शेतातली केळी, कापूस, खताच्या गोण्या आणि लग्नसराईत अर्धं गाव, असं सगळं तिनं वाहिलंय. आबा ती दुसऱ्या कुणाला चालवू देत नाहीत. त्यांच्या मुलालाही, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. तिचा ब्रेक एका दाबात लागत नाही, हे मला मी एकदा त्यांच्या शेजारी बसून एरंडोलला गेले तेव्हा कळलं. पुढे बैलगाडी होती आणि आबा ब्रेकवर पाय आपटत होते, धान्य कांडावं तसा.

"आबा, हे असं का करावं लागतं?"

"पहिला दाब देवाले, दुसरा गाडीले," आबा म्हणाले. "नवी गाडी घमेंडी राहस, एकदाच सांगं का थांबस. जुनीले दोनदा सांगनं पडस. तुन्ही सासू बी तशीच शे."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्या सोमवारी मयुरीचं जाऊळ होतं, पद्मालयाला, डोंगरावरच्या देवळात. धुळ्याहून माझा भाऊ येणार, त्याच्या मांडीवर बसवून केस काढायचे, गणपतीला नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्यांना गाडीत घालून तो उतार उतरायचा. माझ्या मनात तो उतार रोज थोडा थोडा उभा होत चालला होता. मंगळवारपर्यंत त्याची भिंत झाली. मी नवऱ्याला फोन केला. हितेंद्र जळगावला पाइपांच्या कारखान्यात असतो.

"तू बोल ना आबांशी. तुझं ऐकतात ते," तो म्हणाला.

आबांनाही त्यानं तेच सांगितलं होतं: तिच्याशी तुम्हीच बोला, तुमचं ऐकते ती. मग आबा आणि मी समोरासमोर बसलो आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. चाकाच्या आतून ऑइल गळतं, ते संपलं की ब्रेकचा दाब जातो, दाब गेला की उतारावर गाडी थांबत नाही, आणि पद्मालयाच्या वळणावर उजव्या हाताला किती खोल आहे ते तुम्हालाच माहीत. ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय माझी पोरगी त्या गाडीत बसणार नाही.

आबांना एवढं लागलं की त्यांनी पेपरची घडी घातली. सासूबाई, म्हणजे लताबाई, ज्यांना गावासारखंच मीही अक्का म्हणते, दारात तांदूळ निवडत होत्या.  मी "उजव्या हाताला" म्हटलं तेव्हा त्यांचं सूप थांबलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी एरंडोलहून रमजानला बोलावलं. रमजान हा हायवेवरचा मिस्तरी, हात काळे आणि शर्ट पांढरा. शर्टाला डाग लागला तर तो त्या दिवसाची मजुरी अर्धी मानतो, असं स्वतःच सांगतो. त्यानं चाक काढलं, आत बॅटरी मारली आणि मला हाक मारली. आबांना नाही, मला.

"वहिनी, या, बघा. हा कॅलिपर. ब्रेक दाबला की यातला पिस्टन पुढे येतो आणि हे पॅड चकतीला आवळतात. पिस्टनच्या भोवती रबराची सील असते. ती फाटली. ऑइल तिथून चाललंय." मग आबांकडे वळून म्हणाला, "आबा, कुत्र्याची माफी मागा."

सील बदलली, दुसऱ्या बाजूचीही बदलली. पॅड पॉलिश पेपरनं घासले, चकती पुसली. मग पाइपातली हवा काढायची वेळ आली, तेव्हा ब्रेक दाबायला माणूस लागला. आबा रुसून मळ्यात गेले होते. शेवटी मीच चढले गाडीत, मयुरीला मांडीवर घेऊन.

"दाबा," खालून रमजान ओरडायचा. "धरा. धरून ठेवा. सोडा."

"दाबा," मयुरी म्हणायची आणि हॉर्न दाबायची. प्रत्येक हॉर्नला रमजानचं डोकं गाडीच्या पोटाला लागायचं. शेवटी त्यानं तिला बिस्किटाचा पुडा देऊन फितवलं.

काम झालं. ऑइलच्या डबीवर खुणेपर्यंत ऑइल भरलं, आणि ती खूण त्यानं मला बोट ठेवून दाखवली. "हे खाली गेलं तर गळतंय. नाही गेलं तर नाही गळत. रोज बघा, मनाला शांती राहील." माझ्या मनाला शांती नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नसावी.

मळ्यातून परतल्यावर आबांनी फाट्यापर्यंत चक्कर मारली. परत आले ते कपाळ चोळत. सवयीनं त्यांनी जोरात आपटला होता पाय. गाडी पहिल्याच दाबात थांबली आणि कपाळ काचेला जाऊन लागलं.

"इतला ब्रेक काय कामना," ते म्हणाले. "माणूस मरी जाई."

दोन दिवस मी सुखात होते. मग सकाळी मयुरीला भरवायला बसले आणि घास माझ्या हातातच राहिला. डावं चाक पुन्हा ओलं. या वेळी जास्तच, चाकाच्या भोकांतून खाली ओघळ आलेले.

रमजान आला, चाक काढलं. पॅड तेलानं माखलेले. त्याचा चेहरा उतरला. "सील डुप्लिकेट निघाली बहुतेक," म्हणाला. सगळं पुसून दुसरी सील घातली. दुसऱ्याच सकाळी चाक परत ओलं. आबांचा मूड एकदम सुधारला. पारावर जाऊन त्यांनी सांगून टाकलं की रमजानचा हात आता राहिला नाही, दुरुस्तीआधी गाडी बरी होती. आता ब्रेक मारला की ती उजवीकडे तोंड फिरवते, "रुसेल बाईगत." आमच्या गावातली तीन-चार माणसं रमजानकडे गाड्या टाकतात. त्यांच्यापर्यंत ही बातमी संध्याकाळच्या आत पोचली.

रमजान रविवारी सकाळी आला तो शर्ट न बदलता. माझ्याशी धड बोलला नाही. गाडीखाली बसून नुसता बघत राहिला.

"वहिनी, चाळीस गाड्यांचे ब्रेक केले असतील मी या वर्षात. एक परत आली नाही. आणि तुमच्या आबांनी तर माझा बाजारच उठवला." मग हळूच म्हणाला, "उद्या जाऊ नका. मी कसम खाऊन सांगू शकत नाही आता."

उद्या जायचं नाही म्हणजे भाऊ धुळ्याहून निघालेला, मामाचा मान, गणपतीला बोललेलं. दुसरी गाडी केली तर आबा येणार नाहीत. आणि याच गाडीतून गेलो तर तो उतार. मी बोनेट उघडायला लावलं आणि डबी पाहिली. ऑइल खुणेवर. केसभरही खाली नाही.

आत ऑइल जागच्या जागी आणि बाहेर चाक ओलं. मग हे आलं कुठून? मी ओघळावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

वावडिंग. ओवा. जरासा लसूण.

हा वास मी रोज सकाळी माझ्या लेकीच्या टाळूवर घेते. तिळाच्या तेलात हे सगळं कढवून अक्का मालिशचं तेल करतात. गेल्या काही दिवसांत बाटली भराभर खाली जात होती. मी विचारलं तर अक्का म्हणाल्या होत्या, "पोर तेल पेस वं, हाडं पकडी राह्यनात."

मी वर पाहिलं. अक्का दारात उभ्या होत्या. माझं बोट माझ्या नाकाशी होतं आणि त्यांनी ते पाहिलं. त्या आत गेल्या.

रमजान विचारत होता, "काय झालं वहिनी?" सुनेनं मिस्तरीला सासूचं नाव सांगावं, आणि तेही आबा खाटेवर कान टवकारून बसलेले असताना, हे मला काही जमलं नाही. "चहा आणते," म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

अक्का चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"अक्का, चाकाला मालिश कशाला?"

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "शनवारले मी टायरले बोटभर लावतच व्हते. मारुतीनं नाव लिसन. गाडी घरनी शे ना. मंग तू म्हणनी का आतून तेल गळस, अन् ते सरनं का गाडी थांबस नही." त्यांनी पदर सारखा केला. "म्हणून मी आत टाकं. जितलं गळस तितलं भरी काढं. भोकेस्मधून. आन् आपली पोर बसनार, म्हणून पोरनंच तेल."

"पण रमजाननं दुरुस्त केलं होतं ना?"

"त्यानंतर बी ओलं दिखे. मंग आखो टाकं."

मी तिथंच जमिनीवर बसले. ओलं दिसतं म्हणून त्या तेल घालणार, आणि तेल घातलं म्हणून ते ओलं दिसणार.

"इतले वरीस मी त्या गाडीत बसनू, माले कधी भेव नही वाटना," अक्का म्हणाल्या. "तू उजव्या हातनं सांगं अन् मन्ही झोप गयी."

 मी चहा गाळला. बाहेर काय सांगायचं ते ठरवत होते: उंदीर म्हणावं, की पेंड सांडली म्हणावं? तेवढ्यात ओट्यावरून आबांचा आवाज आला. ते रमजानला समजावत होते, मोठेपणानं. "व्हई जास भाऊ. वय व्हयनं का हात थरथरस. आते तू पंक्चर काढत जाय."

माझ्या हातातला ट्रे अक्कांनी घेतला. बाहेर गेल्या. रमजानला चहा दिला, आबांना दिला आणि म्हणाल्या, "त्याना हात चांगला शे. चाकमा तेल मी टाकं."

आबांनी कप तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. "कोणतं तेल?"

"मयुरीनं."

"बठ्ठं?"

"उरनं शे थोडं."

आबा विचारात पडले. "म्हणजे कालदिन मी हायवेवर वावडिंगवर ब्रेक मारी राह्यनू?"

रमजान हसला नाही. त्यानं आधी चहा संपवला, मग कप खाली ठेवला आणि मान खाली घालून त्याचे खांदे हलायला लागले. डोळे पुसताना पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काळा डाग पडला, त्याकडेही त्याचं लक्ष गेलं नाही.

"अक्का," तो म्हणाला, "गाडीत तेल पिणारं एकच, इंजिन. त्याला पाजा. ब्रेक असतो उपाशी. त्याला थेंब जरी लागला तरी तो काम सोडतो."

"कायम उपास?" अक्कांनी विचारलं.

"कायम. कडक. पाणी पण नको."

हे अक्कांना पटलं. उपासाला त्या मान देतात. "मंग आधी सांगनं व्हतं," म्हणाल्या. "उपासवालाले मी खाऊ घालू का?"

रमजाननं तेल प्यायलेले पॅड काढून नवे घातले आणि चकती धुऊन कोरडी केली. जाताना आबांना म्हणाला, "आता पारावर जाऊन हेही सांगा." आबा म्हणाले, सांगतो, पण अक्कांचं नाव घेणार नाही. "मंग कोणतं घेणार?" अक्कांनी विचारलं. आबांनी खाटेखाली झोपलेल्या कुत्र्याकडे पाहिलं.

सोमवारी अक्कांनी चाकाला बाहेरून हळद-कुंकू लावलं, कोरडं. मी निघायच्या आधी डबीवरची खूण पाहिली, आणि अक्कांनाही दाखवली. जाऊळ झालं. मयुरी मामाच्या मांडीवर एवढी रडली की न्हावीच घामाघूम झाला. मग मंडळी मागे गाद्यांवर बसली आणि पुढे आबांच्या शेजारी मी, मयुरीला घेऊन, आणि खिडकीशी अक्का.

उतार लागला. आबांनी पायाचा हलका दाब दिला आणि गाडीनं वेग आवरला. सरळ, डावी-उजवी न करता. मी श्वास रोखून रस्ता बघत होते. पहिल्या वळणाला माझा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला गेला. दुसऱ्या वळणाला पोटरीत गोळा आला तेव्हा मी खाली पाहिलं. माझ्या पायाशेजारी अक्कांचा पाय होता. तोही पत्र्यावर घट्ट, जोडवं रुतेल असा दाबलेला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. तिसऱ्या वळणाला दोघींनी मिळून दाबलं. टक्कल झालेली मयुरी आमच्या मध्ये गाढ झोपली होती.

आबांनी एकदा आमच्या पायांकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे.

"पाय उचला दोन्ही जणी," ते म्हणाले. "मन्ही गाडी पुढे सरकी नही राह्यनी."