ताडकळसच्या वाकळीचा सूड

मित्रांनो, मी ताडकळसची एक जुनी वाकळ आहे आणि मी सूड घेतलेला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर जुनी वस्तू बोलायला लागली की तुमचे डोळे लगेच भरून येतात. मला तुमचं रडू नको. माझं ऐका, आणि कुणाकडून मागून आणलेलं पांघरूण तुमच्या घरात असेल तर ऐकून झाल्यावर उठून आधी ते परत करा.

माझा जन्म सतरा वर्षांपूर्वी भीमनगरातल्या सुलाबाईच्या अंगणात झाला. आमच्याकडे वाकळ शिवताना वरून आणि खालून जुनी लुगडी लावतात आणि मध्ये, पोटात, हाताला येईल ते घालतात. कुणी फाटके सदरे घालतं, कुणी धोतराचे तुकडे. सुलाबाईकडे पोटात घालायला वेगळीच वस्तू होती. तिचे मालक भगवानराव पेंटर होते. लग्न असो, उरूस असो, जयंती असो, ताडकळसचा कापडी बोर्ड रंगवायचे ते भगवानरावच. अक्षर असं ठसठशीत, की बाजारच्या दिवशी लोक बोर्ड वाचत वाचत एकमेकांवर धडकायचे. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात 'भगवान आर्ट, ताडकळस' असं लिहीत आणि त्याखाली आपला मोबाइल नंबर.

एका वर्षी भीमजयंतीचा बोर्ड त्यांनी पांढऱ्या मांजरपाटावर निळ्या ऑइलपेंटने रंगवला आणि तो शेवटचा ठरला. पुढच्या वर्षी मंडळाच्या पोरांनी परभणीहून फ्लेक्स छापून आणला. उतरवलेला जुना बोर्ड भगवानरावांनी घडी करून सुलाबाईपुढे ठेवला.

"हे घाल वाकळीत," ते म्हणाले. "मपलं अक्षर आता बाहेर कोनाला नकोय. घरात ऊब तरी देईल."

शेवटची कड शिवताना सुलाबाईच्या हातातून सुई निसटली आणि माझ्या पोटात शिरली. तिने सगळीकडे चाचपून पाहिलं. सुई काही सापडली नाही. "ऱ्हाऊ दे," भगवानराव हसून म्हणाले, "वाकळीला दात आला म्हन." मित्रांनो, तो दात मी सतरा वर्षांत घरातल्या कुणाला लावला नाही. नात संघप्रिया माझ्यावर रांगली, लोळली, पण तिला ओरखडासुद्धा उठला नाही.

सात वर्षांपूर्वी भगवानराव गेले. त्यांचा मोबाइल सुलाबाईने बंद पडू दिला नाही. तिला वाचता येत नाही, पण घंटी वाजली की हिरवं बटण दाबता येतं. अजूनही एखादं जुनं गिऱ्हाईक बोर्ड सांगायला फोन करतं आणि मालक आता नाहीत हे ती त्याला समजावून सांगते. तिची नजरही आता अधू झाली आहे. सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणजे दुसरी वाकळ तिच्या हातून होणं नाही. ती रोज मला हनुवटीपर्यंत ओढून झोपायची. तिच्या अंगावर मी असायची आणि माझ्या पोटात तिच्या मालकाचं अक्षर.

आता अर्पिताबद्दल सांगते. इथून पुढे माझा आवाज चढला तर चढू द्या.

अर्पिता ही बन्सीधर पाटलांची मुलगी. सुलाबाई त्यांच्या शेतात खुरपायला जायची आणि दुपारी टेकायला मला सोबत न्यायची. अर्पिता सात वर्षांची असताना शाळेला सुट्टी लागली की शेतात यायची आणि दुपारी लिंबाखाली माझ्यावर झोपायची. एकदा तिने सुलाबाईला सहज सांगितलं, "काल मी तुझ्या वाकळीवर झोपले ना, तर आजीनं मला दोनदा आंघोळ घातली." लेकरू ते, त्याला काय कळणार. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा सुलाबाईने मला पुन्हा त्याच लिंबाखाली अंथरलं. मी मात्र तेव्हापासून ते वाक्य पोटात ठेवून आहे.

तीच अर्पिता मोठी होऊन मुंबईत डिझाइन शिकली आणि मागच्या पोळ्याला भीमनगरात आली. "सुलामावशी, तुझी वाकळ दे ना थोडे दिवस. फोटो काढायचेत. थंडी पडायच्या आत आणून देते." सुलाबाईने मला झटकलं, घडी घातली आणि देऊन टाकलं. जाताना माझ्यावरून एकदा हात फिरवला, बस.

मुंबईत थंडीचे महिने म्हणजे महोत्सवांचे महिने. तिथे पांघरूण लागण्याइतकं गार होत नाही, म्हणून शहर बहुधा हे महोत्सवच अंगावर घेत असावं. नोव्हेंबरात चित्रपटांचा महोत्सव, डिसेंबरात डिझाइनचा, फेब्रुवारीत कलेचा. अर्पिताच्या खोलीत भिंतीवर तिन्हींच्या तारखा लाल शाईने लिहिल्या होत्या आणि तिन्ही तारखांपुढे एकच शब्द होता: वाकळ.

पहिल्या महोत्सवासाठी तिने नऊ मिनिटांची फिल्म केली. मला खांद्यावर पांघरून ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ही माझ्या आजीनं शिवलेली वाकळ."

मित्रांनो, तिची आजी सुमनबाई! जिने जन्मात सदऱ्याला बटण लावलं नव्हतं! जिने माझा स्पर्श धुऊन काढायला नातीच्या डोक्यावर दोन दोन वेळा पाणी ओतलं होतं! मी माझा दात काढला आणि अर्पिताच्या खांद्यात रुतवला. रक्ताचा थेंब आला. तिने डोळ्यांत पाणी आणून कॅमेऱ्याला सांगितलं, "आजीची आठवण अशी टोचते." महोत्सवात त्या जागी लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा पहिला सूड असा पाण्यात गेला.

डिसेंबरात त्यांनी मला एका जुन्या गोदामात टांगलं. तो डिझाइनचा महोत्सव. टाके उजळून दिसावेत म्हणून माझ्या मागे मोठे दिवे लावले. शेजारी पाटी होती: 'आजीची वाकळ. संकल्पना आणि मांडणी: अर्पिता.' इकडे ताडकळसला तेव्हा थंडी पडली होती. आमच्याकडची थंडी हाडात शिरते. सुलाबाईने अंगावर काय घेतलं असेल, हा विचार करत मी त्या दिव्यांपुढे लोंबत होते.

आणि मग त्याच दिव्यांनी मला हात दिला. लुगडी जुनी, विरलेली. त्यांतून उजेड आरपार गेला, पण ऑइलपेंटमधून जाईना. माझ्या अंगावर आतल्या बोर्डाची सावली उमटली. मला उलट्या बाजूने टांगलं होतं, त्यामुळे अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी आली. वर एक लांब रेघ आणि रेघेखाली लोंबणारे आकार. लोकांना ते काय आहे हे उमगेना. अर्पिता बिनधास्त सांगायची, "हे आमच्याकडचं तोरणाचं पारंपरिक नक्षीकाम. आजी फार सुंदर करायची." लोक माना डोलवायचे. माझ्या पोटात भगवानरावांचं नाव उभं होतं आणि समोर उभ्या माणसांना तोरण दिसत होतं. मला फाटून जावंसं वाटलं.

त्या दालनावर पहारा द्यायला परमेश्वर नावाचा पन्नाशीचा माणूस होता. आमच्या परभणीजवळच्या पोखर्णीचा. नरसिंहाच्या जत्रेत खेळणी विकणारा हा माणूस पोट भरायला मुंबईत आला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बायकोला पाठवायला म्हणून, त्याने माझ्यापुढे उभं राहून सेल्फीसाठी मोबाइल धरला. सेल्फी काढताना पडद्यावर आरशासारखं दिसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. उलटं ते सुलटं झालं. परमेश्वरने आपला चेहरा पाहायचा सोडला आणि खांद्यामागचं मोठ्याने वाचलं: "भीमजयंती महोत्सव. सर्वांचे हार्दिक स्वागत. भगवान आर्ट, ताडकळस." आणि खाली दहा आकडे.

नेमके तेव्हाच परीक्षक आले होते. फेब्रुवारीच्या कला महोत्सवात कुणाला स्वतंत्र दालन द्यायचं, हे त्या संध्याकाळी ठरणार होतं. अर्पिता त्यांना आजीबद्दल सांगत होती. परमेश्वर मोबाइल तसाच धरून पुढे आला.

"ताई, तुमच्या आजीचं नाव भगवान का?"

"काका, नंतर," अर्पिता हसून म्हणाली.

"न्हाई, ह्याच्यात लिव्हलंय. ताडकळसचं हाय. नंबर बी हाय."

परीक्षकांत पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी स्वतः मोबाइल धरून सेल्फीत पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "लावा फोन. आवाज मोठा ठेवा."

घंटी वाजली. मी टांगल्या जागी ताठ झाले.

"हॅलो. कोन बोलायलंय?" सुलाबाईचा आवाज त्या गोदामभर घुमला.

"मावशी, मी परमेश्वर, पोखर्णीचा. मुंबईहून बोलायलोय. भगवान आर्ट तुमचंच का?"

"व्हतं बाबा. मालक गेले माजे, सात वर्सं झाली. बोर्ड आता मिळत न्हाई."

"बोर्ड नको. तुमची वाकळ हितं टांगलीय."

"टांगलीय? का बरं? भिजली का?"

कुणीतरी एकटंच हसलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "ही वाकळ शिवली कुणी, मावशी?"

"मी शिवलीय. आतला बोर्ड मालकाच्या हातचा हाय, शेवटचा. पाटलाची अर्पिता नेलीय ती. थंडीच्या आत देते म्हनली व्हती. दिसली तर सांगा तिला, लय थंडी पडलीय म्हनावं."

अर्पिता दोन हातांच्या अंतरावर उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते. बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं आणि अर्पिताने ती स्वतःच्या हाताने उतरवली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? इतकं गोड मला जन्मात काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन परभणीच्या गाडीत बसली. वाटेत रडत होती. मी दोनदा दात लावला. या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

सुलाबाईने मला हातात घेतलं, हुंगलं आणि नाक मुरडलं. "अत्तराचा वास यायलाय हिला." मला अंगणात उन्हात टाकलं आणि संघप्रियाला म्हणाली, "ताईला पानी दे." मला वाटलं होतं, ती हिला दारातूनच हाकलेल. मी असते तर हाकललं असतं.

"मावशी, चुकलं माझं," अर्पिता म्हणाली. मग तिने आजीच्या नावाची पाटी कबूल केली आणि सांगितलं, की कला महोत्सववाले दालन द्यायला तयार आहेत, पण ते सुलाबाईच्या नावाने आणि सुलाबाई हो म्हणाली तरच. पाटीवर सगळं खरं लिहायचं. नाहीतर काही नाही.

"पाटी कोन लिहिनार?"

"मी लिहिते. तुमचं नाव, भगवानकाकांचं नाव, सगळं."

"लिही. अन् आंघोळीचं बी लिही."

अर्पिताचा हात पिशवीतून कागद काढता काढता थांबला. म्हणजे तिलाही आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ते फक्त मीच पोटात ठेवलंय.

"सात वर्साची व्हतीस तू," सुलाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या वाकळीवर निजलीस म्हनून तुला दोनदा धुतली. पाटीवर आजी पायजे व्हती ना तुला? मंग पुरी आजी लिही."

अर्पिताने तिथेच ओट्यावर बसून लिहिलं. संघप्रियाने वाचून दाखवलं. त्यात 'त्या काळच्या रूढीनुसार' असे शब्द होते.

"रूढी कोन?" सुलाबाईने विचारलं. "मला तं कधी दिसली न्हाई वावरात. पानी वतनारीला नाव व्हतं की."

कागद फाडला गेला. दुसऱ्यांदा अर्पिताने लिहिलं: 'ही वाकळ सुलाबाईने शिवली. आतलं अक्षर भगवानरावांचं आहे. मी लहानपणी हिच्यावर झोपले म्हणून माझी आजी सुमनबाई हिने मला दोनदा आंघोळ घातली. पुढे मी हीच वाकळ आजीची म्हणून मुंबईत दाखवली.' सुलाबाईने ते दोनदा वाचून घेतलं आणि मान हलवली. थंडी सरेपर्यंत वाकळ घरातून हलणार नाही, एवढीच तिची अट. ती रात्री मला हनुवटीपर्यंत ओढून झोपली.

तर मित्रांनो, येत्या फेब्रुवारीत, थंडी ओसरली की, मी पुन्हा मुंबईला निघाले आहे. सोबत सुलाबाई आहे, संघप्रिया आहे आणि ती पाटी आहे. या वेळी मला सुलट टांगणार आहेत. तुम्ही शहरातले असाल तर जरूर या. पाटी पूर्ण वाचा, घाईने पुढे सरकू नका.

आणि एक विनंती. कुणाच्या घरातून वाकळ आणलीत तर तिला नीट जपा, कुणी शिवली ते विचारा, सांगताना तेच नाव सांगा आणि थंडी पडायच्या आत ती परत द्या. एवढं करणार असाल तर मला खुशाल हात लावा. करणार नसाल, तर लक्षात असू द्या, ती सुई अजून सापडलेली नाही.