डावभर काजू

मित्रांनो, पापाटोएटोएच्या एका पंजाबी खाणावळीत खिळ्याला टांगलेला मी म्हातारा पितळी डाव. पंजाबातल्या जंडियाला गुरू या गावच्या कारागिराने ठोकून ठोकून मला घडवलं. खाणावळीचे मालक आणि आचारी बख्शीशसिंग यांनी इकडे न्यूझीलंडला येताना मला पगडीच्या कापडात गुंडाळून आणलं आणि पुढची बावीस वर्षं माझी दांडी त्यांच्या मुठीत राहिली.

डाळ वाटीत ओतली की वरून काजूच्या वाटणाचा एक डाव घालून ढवळायचं, ही त्यांची रीत. "कोरडी डाळ मी दुश्मनालाही वाढणार नाही," असं ते म्हणत. गिऱ्हाइकं बोटं चाटत आणि ते कौतुक मला माझंच वाटे.

एका शनिवारी संध्याकाळी खाणावळ गच्च भरली होती. शेजारच्या रस्त्यावर राहणारे, मूळचे सामोआ बेटांवरचे फेटू आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, तालाला, घेऊन आले. बख्शीशसिंगांची सून मनरूप आत येऊन म्हणाली, "बाउजी, चार नंबरला साधी डाळ. त्या पोरीला काजू बाधतो, श्वास कोंडतो तिचा. कणभरही नको."

"कळलं गं! बहिरा नाही मी. नान ने आधी, गार होताहेत."

त्यांनी वेगळ्या पातेल्यात डाळ केली, वेगळ्या पळीने वाटीत ओतली. आणि मग त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला. मी काजूत बुडालो, वाटीवर उपडा झालो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. मनरूप वाटी घेऊन गेलीसुद्धा.

बख्शीशसिंग पुढच्या भाजीकडे वळले, तेव्हा माझ्या काठावरून ओघळणारा पांढरा थेंब त्यांना दिसला. मला हातात घेऊनच ते बाहेर धावले. तालाने नानचा तुकडा डाळीत बुडवून तोंडाशी नेला होता. त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. तुकडा उडाला, वाटी लवंडली.

फेटू ताडकन उठले. "माझ्या पोरीवर हात टाकतोस, म्हाताऱ्या?"

"काजू आहेत त्यात," बख्शीशसिंग सगळ्यांदेखत म्हणाले. "मीच घातले. याच हाताने."

फेटूंनी खिशातून श्वास कोंडला तर टोचायची औषधाची सुई काढली. "ताला, गिळलंस का?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि आ करून दाखवला. मनरूपने तिची बोटं साबणाने धुतली. मग सगळे तिच्या श्वासाकडे कान लावून बसले. कुणी घास उचलला नाही.

बऱ्याच वेळाने ताला म्हणाली, "असे काय बघताय सगळे? मला भूक लागलीय."

"घरी जेवू," फेटू म्हणाले, आणि तिला कडेवर घेऊन निघून गेले.

त्या दिवसापासून मी खिळ्यावर आहे. फेटू रस्त्याने जाताना हात करतात, पण आत येत नाहीत. त्यांचं काहीच चुकत नाही.

मित्रांनो, कुणी "मला हे चालत नाही" म्हणालं, तर "एवढ्याशाने काय होतंय" असं म्हणू नका. वाढणारा हात तेवढा आखडता घ्या. आमच्या त्या हाताला ते जमलं नाही, आणि एक लेकरू घासभर अंतराने वाचलं.