शेगडीची खोली

लेक बबिता पहिल्या बाळंतपणाला मुरुडला आली, आणि पंचफुलाबाईनं नव्या स्लॅबच्या घरातली मागची खोली अशी बंद केली की मुंगीनंसुद्धा वाट विचारावी. सरकत्या काचांच्या फटींत चिंध्या, दाराला गोधडी, आत शेगडी अन् तिच्यावर ओवा-बाळंतशेपांची धुरी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, बस्स! पंचफुलाबाईचं स्वतःचं पहिलं पोर गारठ्यानं तिच्या हातातच गेलं होतं. तेव्हापासून वाऱ्याचं नाव काढलं की ती आधी दारं-खिडक्या लावायची.

"आई, जीव घाबरा होऊन राहिला. खिडकी उघड ना थोडी."

"गप पड. तुझ्या वेळेला बी अशीच शेगडी होती. काय झालं तुला?"

तान्ही नात खोकली की बाई म्हणायची, शिरला कुठून तरी वारा. की कोंबली आणखी एक चिंधी. आता काय म्हणावं या मायेला!

एका सकाळी शेगडीवर शेकता शेकता तान्ह्या पोरीनं मान टाकली. रडेना, डोळे उघडेना. पंचफुलाबाईनं हंबरडा फोडला अन् तिला उचलून तशीच अंगणात धावली. उघड्यावर येताच पोरीनं धाप टाकत श्वास घेतला, तोंड वाकडं केलं अन् असं भोकाड पसरलं की शेजारची साखराबाई तव्यावरची भाकरी सोडून पळत आली.

पंचफुलाबाईचंही डोकं गरगरत होतं. तेव्हा तिला उमगलं. बबिताच्या वेळचं घर मातीच्या माळवदाचं. छताला सानं होतं, धूर त्यातून वर निघून जायचा. इथं त्यानं जावं कुठून?

"बबे, आधी बाहेर ये गं!" ती ओरडली. "मीच मारत होते की तुम्हाला!"

दवाखान्यात दोघींना तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं. जीव वाचला. शेगडी खोलीत नको, हवा खेळू द्या, एवढं बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं.

घरी येऊन पंचफुलाबाईनं एकेक चिंधी उपसली, काच सरकवली. गार झुळूक आत आली अन् तिच्या अंगावर काटा आला. खिडकी लावायला हात उचलला, पण लावली नाही. बाजेच्या अन् खिडकीच्या मधे पाट टाकला आणि वाऱ्याकडं पाठ करून बसली.

"आई, तुला लागून राहिला की वारा," बबिता म्हणाली.

"लागू दे. तू झोप."